दर्याचमेलीला गोडं पाणी

मथुरामावशी, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं मला कोणी विचारलं तर मी तुझं नाव घेतो. आईबापांचं नाव नंतर येतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नाही, कारण तेही पहिलं तुझंच नाव घेतात. तू गेलीस त्याला आता महिना होत आला. गावातले लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. मी ऐकतो आणि मान हलवतो, पण माझं तुझ्याशी एक भांडण राहिलं आहे. ते कोणाजवळ बोलता येत नाही, म्हणून तुलाच लिहितो आहे.

तुझं झाड अजून उभं आहे. उभं आहे, एवढंच म्हणता येईल. वरच्या फांद्यांची साल नखानं खरवडली तर आत तपकिरी लागतं. खाली बुडाशी कुठे हिरवं आहे की मला तसं दिसावंसं वाटतं, ते सांगता येत नाही.

तू त्याला दर्याचमेली म्हणायचीस. गाव त्याला काळ्यापाण्याचं झाड म्हणायचं. त्याचं खरं नाव मला नागपूरच्या कॉलेजातही कळलं नाही. कमरेएवढं झुडूप, पानं जाड आणि तेल लावल्यासारखी. फूल पांढरं, घसा जांभळा, दिवेलागणीला उमलायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत गळून पडायचं. वास कच्च्या पेरूचा आणि ओल्या मिठाचा. झाड फुललं की कडेवर मूल असलेल्या बायका तुझ्या कुंपणाकडून न जाता समोरच्या बाजूनं जायच्या. शेळ्या त्याला तोंड लावत नसत. माझी आजी म्हणायची, "ते झाड इथलं नाही. ते कोणाची तरी वाट पाहून राह्यलं."

तुझा जन्म अंदमानचा. तुझे वडील आमच्याच गावचे. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणात त्यांच्या हातून माणूस मेला आणि त्यांना काळ्या पाण्याची सजा झाली. तिथेच सरकारी परवानगीनं त्यांनी एका कैदी बाईशी लग्न केलं. ती उत्तरेकडची. तिची जात कोणती, गाव कोणतं, हे आमच्या गावाला कधी कळलं नाही, आणि ते कळलं नाही म्हणून गावानं तुला कधी आपली मानली नाही. आई तिथेच वारली. बंदराच्या पलीकडच्या एका लहानशा बेटावर, वाळूच्या काठाला, तिला पुरलं. त्याच काठावर ही झुडपं होती. दुसऱ्या कुठल्या बेटावर तू ती पाहिली नव्हतीस. सजा संपून परत निघताना तुझ्या वडिलांनी तिथलं एक रोप रॉकेलच्या डब्यात घालून घेतलं. कलकत्त्यापर्यंत आगबोट, तिथून नांदुऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलगाडी. तू तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होतीस आणि सगळी वाट डबा तुझ्या मांडीवर होता.

ते रोप आमच्या गावात जगलं याचं सगळ्यांना नवल वाटायचं. आपला पूर्णाकाठचा पट्टा खारपाणाचा. विहिरींना पाणी आहे, पण ते खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बाहेरच्या माणसाला ते तोंडात धरवत नाही. गोडी विहीर नाल्यापलीकडे, कोसभर लांब. म्हणून आपल्याकडे गोडं पाणी म्हणजे मान. पाहुणा आला की गोडं पाणी. लग्नात व्याह्यांना गोडं पाणी. माणूस जायला लागला की शेवटचा घोट गोड्या पाण्याचा. तुला त्या विहिरीवर जायची बंदी होती. तू अंगणातल्या विहिरीचं खारं पाणी प्यायचीस आणि तेच झाडाला घालायचीस. लोकांचे मोगरे, शेवंत्या त्या पाण्यानं जळून जात. तुझं झाड काळंभोर हिरवं.

त्याचं कारण तू मला एकट्याला सांगितलं होतंस. "हे दर्याचं लेकरू हाये, नामा. लाटेचं पाणी पिऊन वाढलं. याले मीठ लागते." पावसाळ्याचे चार महिने तू त्याच्यावर पळसाच्या पानांचं छप्पर करायचीस, भोवती चर खणायचीस, म्हणजे पावसाचं पाणी बुडाशी थांबू नये. गाव हसायचं. स्वतःच्या घराचं छप्पर गळतं आहे आणि बाई झाडाला छत्री धरते आहे! पुढे कॉलेजात मला त्यामागचं शास्त्र कळलं. खाऱ्या काळ्या मातीवर गोडं पाणी पडत राहिलं की माती फुगते, चिकटते, वर लाद बसते. पाणी खाली उतरत नाही आणि मुळं गुदमरतात. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. तू एका पावसाळ्यात झाड पिवळं पडताना पाहिलं होतंस, तेवढंच.

माझी आई शेतात जाताना मला तुझ्या अंगणात सोडायची, कारण आपली घरं गावाच्या टोकाला लागून होती आणि दुसरं कोणी नव्हतं. जाताना बजावायची, तिच्या घरचं पाणी पिऊ नको. म्हणून माझ्याबरोबर घरचा पाण्याचा लोटा असायचा.

"आला काय रे लोटेवाला?" तू म्हणायचीस. "लोट्याले सावलीत ठेव, अन् तू बस उन्हात. त्याची जात तुह्यापेक्षा मोठी हाये."

मी खरंच लोटा सावलीत ठेवायचो आणि उन्हात बसायचो. तू पोट धरून हसायचीस आणि मग मला ओढून सावलीत घ्यायचीस. उन्हाळ्यात अंगणात जमिनीवर पांढरी खार फुलायची, पीठ सांडल्यासारखी. तू ती तळव्यानं सारखी करायचीस आणि तिच्यावर बोटानं अक्षर काढायचीस. मी गिरवायचो. वाऱ्यानं अक्षर उडून गेलं की पुन्हा. तिकडे कैद्यांच्या मुलांची शाळा होती. तू तिथे उर्दू शिकली होतीस, नागरी अक्षरं वडिलांकडून. आमच्या गावात तेव्हा लिहिता येणारी बाई तू एकटीच होतीस, आणि तुझ्या दारात शिकायला येणारा मी एकटाच.

चौथी झाली तेव्हा वडिलांनी मला गाडीवर घ्यायचं ठरवलं. ते गाडीवान, नांदुऱ्याच्या जिनिंगला कापूस वाहायचे. तू त्यांना रस्त्यात गाठलंस.

"सखाराम, गाडीले बैल दोनच लागते ना बाप्पा? मंग हा तिसरा काऊन जुंपून राह्यला?"

"तुह्या अक्षरानं पोट भरते काय वो?" वडील म्हणाले.

"तुहं नाही भरत. त्याचं भरीन."

वडील हसले. त्यांच्या हसण्यावर माझं आयुष्य फिरलं. कापसाच्या गाडीवर बसून मी नांदुऱ्याच्या इंग्रजी शाळेत गेलो, तिथून खामगाव, तिथून नागपूर. आमच्या घराण्यात अंगठ्याशिवाय सही करणारा मी पहिला.

आता गोदाकाकूचं सांगतो. तुला ते माहीत आहे, पण त्याच्यावाचून माझं भांडण कळायचं नाही.

तुझे वडील आजारी पडले तेव्हा मी लहान होतो, पण मला ते दिवस आठवतात. ते सारखं पाणी मागत होते आणि खारं पाणी तोंडातून बाहेर टाकत होते. तू रिकामा गडू घेऊन नाल्यापलीकडे गेलीस. विहिरीपासून लांब उभी राहिलीस आणि म्हणालीस, वरून ओता, मी शिवत नाही. बायकांनी आपापल्या घागरी उचलल्या आणि पाठ फिरवली. त्यांत किसनची आई, गोदाकाकू होती. तू रिकाम्या गडूनं परत आलीस. वडील त्याच दिवशी गेले.

पुढे काही दिवसांनी झाड फुललं. गोदाकाकू कुंपणाशी आली. तिला बोलायचं काहीतरी वेगळंच असावं, पण तोंडातून निघालं ते असं: "काऊन वो मथुरा, झाडाले खारं पाजतं? आमचा मोगरा तर जळून गेला."

तू मान वर केली नाहीस. "माह्या बापाले मरताना घोटभर गोडं कोणी देल्लं नाही. झाडाले कुठून देऊ?"

ती मग निघून गेली. झाडाला मीठ लागतं हे तू तिला सांगितलं नाहीस. त्या दिवशी का सांगशील? आणि पुढेही कधी सांगितलं नाहीस, कारण समुद्राचं नाव काढलं की लोकांना तुझी आई आठवायची.

मी कॉलेजात गेल्यावर आपलं दुसरं भांडण सुरू झालं. आमच्या प्राध्यापकांना मी झाडाचं वर्णन सांगितलं. ते म्हणाले, फुलासकट एक फांदी दाबून आणा आणि दोन-चार कलमं आणा. इथल्या बागेत लावू. मी सुट्टीत आलो आणि तुला म्हणालो. तू चाकू माझ्या हातातून काढून घेतलास.

"कागदात दाबून काय करते तुहा साहेब? मेलेलं पाहाचं असते काय त्याले?"

"मावशी, इथे याला फळ धरत नाही. जो किडा फुलावर बसायला हवा, तो वऱ्हाडात नाही. हे एक गेलं की संपलं."

"तिकडं हायेत ना. काठ भरून हायेत," तू म्हणालीस.

"हुकमानं माणसं हलवली तिकडं," मग तूच पुढे म्हणालीस. "माह्या बापाले हलवलं, मायले हलवलं. मी झाड हलवणार नाही कोणाच्या हुकमानं." मी म्हणालो, हे रोपही हलवूनच आणलं ना? तू म्हणालीस, ते हुकमानं नाही आणलं, ते जीव तुटला म्हणून आणलं. दर सुट्टीत आपण हेच बोलायचो, आणि शेवटी तू माझ्या पुढ्यात भाकरी ठेवायचीस. लोटा आणणं तर मी केव्हाच सोडलं होतं.

मग लढाई आली. अंदमान जपान्यांच्या हातात गेलं आणि तुझ्या लहानपणच्या मैत्रिणीची, जैनबची, पत्रं बंद झाली. ती तिथेच राहिली होती. त्या वर्षांत तू फार कमी बोलायचीस. आमच्या गावची पोरं फौजेत गेली, त्यांची हिंदुस्थानीतली पत्रं वाचायला बायका तुझ्या ओट्यावर यायला लागल्या. गोदाकाकूचा मुलगा किसनही फौजेत होता. ती पत्र तुझ्या हातात द्यायची आणि तू वाचेपर्यंत पदराचं टोक दातांत धरून बसायची. पण त्यांतल्या कोणी तुझ्या घरचं पाणी कधी प्यायलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस.

लढाई संपल्यावर जैनबचं पत्र आलं. मी तेव्हा घरी होतो. तू ते उर्दूत वाचलंस, मग मला मराठीत सांगितलंस, हळूहळू, जणू दुसऱ्याच कोणाचं आहे. काठावर खंदक खणले होते. झुडपं सरपणात गेली. आईच्या जागेचा दगड तेवढा आहे, पण दर्याचमेली त्या काठावर एकही राहिली नाही. आजूबाजूच्या एखाद्या बेटावर असेलही, पण तिला दिसलेली नाही.

तू उठून झाडाजवळ गेलीस. वारा पडला होता आणि पान हलत नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा त्या झाडाची भीती वाटली. आजवर ते तुझ्या अंगणातलं एक झुडूप होतं. आता त्याच्या मागे काही उरलं नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस तू तो विषय काढू दिला नाहीस. यंदाच्या श्रावणात शाळेवर नवा झेंडा चढला, त्या सुट्टीत मी आलो तेव्हा तूच म्हणालीस, "पाऊसकाळ जाऊ दे. मार्गशीर्षात फांद्या घे. पण तुह्या साहेबासाठी नाही. बोटीनं तिकडं पाठव. जैनब लावीन." मी जैनबला तसं लिहिलं. तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा थोडी सूज होती. मला वाटलं, जागरण झालं असेल.

भाद्रपदात नांदुऱ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडं गेली आहेत, जन्मभराच्या खाऱ्या पाण्यानं. खारं पाणी बंद. गोडंच प्यायचं.

दसऱ्याला मी आलो तर तुझ्या दाराशी पाण्याचे हंडे मांडलेले. गाव बदललं होतं. तुझं दुखणं ऐकून पहिला हंडा गोदाकाकूनं आणला होता. मग तिच्यामागून बाकीच्या. कोसभर डोक्यावर वाहून आणलेलं पाणी. तू खाटेवर पडून हसत होतीस.

"पाह्य नामा, गोडी विहीर माह्या दारात चालत आली."

"तू बोलू नको वो, नीज," गोदाकाकू आतून ओरडली. "मास्तर, च्या घेता काय? गोड्या पाण्याचा हाये. अन् या घरचा हाये. मीबी पेऊन राह्यली."

त्या चहाची चव मी कधी विसरणार नाही. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. मी विहिरीतून खाऱ्या पाण्याची बादली काढून झाडाला घातली आणि धामणगाव बढ्याला माझ्या शाळेवर परत आलो. लगेच मला एक दिवसाआड येणारा तिजारा ताप धरला. दिवाळी अंथरुणात गेली.

कार्तिक लागला आणि बाजाराच्या दिवशी किसन माझ्या खोलीवर आला. फार खुशीत होता.

"मास्तर, मावशीचं झाड पाह्यलं नाही तुमी! असं फुललं, असं फुललं, का पान दिसत नाही. आमची बुढी रोज हंडाभर टाकते त्याले, गोड्याचं."

"पानं कुठे गेली, किसन?"

"पडली ना. हिरवीच पडली. बुढी म्हणते, नवी येतीन."

मरायला लागलेलं झाड कधी कधी असं फुलतं, जीव होता नव्हता तो सगळा फुलांत घालतं. किसनचा चेहरा एवढा उजळलेला होता की मला काही बोलवेना. गावाकडे निघायला उठून उभा राहिलो, तर तापानं पुन्हा खाली बसलो. तो जाताच तुला पत्र लिहिलं आणि टपालात टाकायला शेजाऱ्याकडे दिलं.

ताप उतरल्यावर वडिलांच्या गाडीनं मी आलो, तोवर तू गेली होतीस. अंगणात पाय टाकला तर पहिल्यांदा वास आला, मिठाचा नव्हे, कुजल्याचा. पाऊस जाऊन किती तरी दिवस झाले होते, तरी झाडाच्या बुडाशी पाणी उभं होतं, जराही न हलणारं, आणि त्यात आभाळ दिसत होतं. काळी पडलेली फुलं चिखलाला चिकटली होती.

गोदाकाकूनं मला सगळं सांगितलं. तुझ्या शेवटच्या घोटाला किती बायका गोडं पाणी घेऊन उभ्या होत्या, तेही सांगितलं. मग म्हणाली, "मास्तर, एका गोष्टीचं माह्या जीवाले लय लागलं होतं. तिच्या बापाच्या टायमाले मी विहिरीवर होती. तिनं मंग मले एक शब्द म्हटला होता, झाडाले कुठून देऊ म्हणून. इतकी वर्षं तो शब्द घेऊन जेवली मी. आमच्यापायी त्या मुक्या झाडालेबी खारं प्यावं लागलं. म्हणून तिले पाजलं अन् त्यालेबी पाजलं."

मी विचारलं, "माझं पत्र मिळालं होतं का?"

"हाव तर. वाचलं तिनं. परत वाचलं. मी म्हटलं, काय लिहिते वो पोरगं? तर म्हणे, शाळेचं लिहिते. हासली. उशाखाली ठेवलं. मंग मी हंडा उचलला अन् म्हटलं, झाडाले टाकू का? म्हणे, टाक ना वो, इचारतं काऊन?"

काऊन, मावशी? मी तुला हेच विचारतो आहे. तू खाटेवरून दारातून ते झाड पाहत होतीस. हिरवी पानं पडताना पाहत होतीस. तुला या गावात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं की ते पाणी काय करतं आहे. तुझ्या आईच्या काठावरचं ते शेवटचं झाड होतं आणि तूच म्हणाली होतीस, मार्गशीर्षात फांद्या घे. एक शब्द बोलायचा होता. गोदाकाकूनं तो स्वतः होऊन मागितला होता.

कधी मला राग येतो. वाटतं, त्या बायकांचं मन राखायला तू जे दिलंस ते तुझं एकटीचं नव्हतं. जैनब तिकडे वाट पाहते आहे. तिला मी काय लिहू? झाडाला कोणाचंच मन कळत नव्हतं, त्याला फक्त जगायचं होतं. आणि मग मला गोदाकाकूचा तो हंडा आठवतो, तिची डोक्यावरची चुंबळ, नाल्याचा चढ. जन्मभर ज्या पाण्यासाठी तुला लांब उभं केलं, ते पाणी तुझ्या अंगणात आलं होतं. त्यातलं थोडंसुद्धा परत कर म्हणणं, मला जमलं असतं का?

नसतं. हे मला आता माहीत आहे. कारण गोदाकाकू अजून रोज सकाळी झाडाला पाणी घालते. तू गेल्यावरही. म्हणते, बाईची निशाणी हाये, फुटीन. परवा मी समोर उभा होतो. तिनं हंडा तिरका केला, पाणी त्या उभ्या पाण्यावर पडलं, आणि मी तिला हात लावून थांबवलं नाही. म्हटलं, काकू, आता थंडी आहे, थोडं कमी घाल. तेवढंच. हे लिहिलेलं कधी छापून आलं तर कोणी तिला वाचून दाखवू नये, अशी माझी विनंती आहे.

बुडाजवळच्या ज्या फांद्या जरा ओल्या वाटल्या त्या मी कापून इथे आणल्या आहेत. डब्यांत आपल्या अंगणातलीच माती भरली आहे. धामणगावचं पाणी गोडं, म्हणून वडील गाडीत पिंपभर खारं पाणी घालून आणतात. वाटेत लोक विचारतात, यात काय आहे? वडील सांगतात, खारं पाणी. लोक म्हणतात, सखाराम, म्हातारा झालास बे. खारपाणात गोडं नेणाऱ्या गाड्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. खारं बाहेर आणणारी ही पहिलीच. फांद्यांची टोकं काळी पडत चालली आहेत. एकीचं अजून कळत नाही.

आपलं भांडण मिटलेलं नाही, मावशी. तू मला अक्षर दिलंस आणि माझ्या अक्षराला तू उशाखाली ठेवलंस. गोदाकाकूनं ते पत्र मला परत दिलं. माझी बाजू त्याच्याहून नीट मला आजही मांडता येत नाही, म्हणून ते जसंच्या तसं इथे उतरवतो.

धामणगाव बढे,
कार्तिक शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप मथुरामावशीस, नामदेवाचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

किसन आज भेटला. तुला रात्री झोप लागते आणि सूज जरा उतरली आहे असं तो म्हणाला, बरं वाटलं. माझा ताप अजून एक दिवसाआड येतो. चालवत नाही, नाहीतर हे लिहीत न बसता मीच आलो असतो. रागावू नकोस.

झाड फार फुललं आहे असं कळलं. त्यावर खूश होऊ नकोस. अवेळी एवढं फुलणं चांगलं नाही, आणि हिरवी पानं गळत असतील तर मुळं कुजायला लागली आहेत. गोडं पाणी आजच बंद कर. किसनला सांग, बुडाची वरची लाद हलक्या हातानं फोड, चर खणून साचलेलं पाणी काढून दे, नाल्याची वाळू आणून पसर. मग माती सुकेपर्यंत काहीच घालू नका. त्यानंतर आपल्या विहिरीचं, थोडं थोडं. अजून वेळ गेलेली नाही असं मला वाटतं.

गोडं पाणी तू पी. सगळं तूच पी. ते तुझ्यासाठी आणलेलं आहे.

तुला संकोच वाटेल, हे मला इथे बसून दिसतं आहे. काकूला वाईट वाटेल असं तुला वाटेल. तिला समजावून सांग, की हे झाड समुद्राकाठचं आहे, त्याला तेच पाणी लागतं, यात कोणाचा दोष नाही. ती ऐकेल. नाही ऐकलं तर मी आल्यावर सांगेन, पण तोवर थांबता येणार नाही.

जैनबमावशीचं उत्तर आलं आहे. तिनं तुझ्या आईच्या दगडाजवळ वाळूत जागा पाहून ठेवली आहे आणि भोवती काठ्या रोवल्या आहेत, कोणाचा पाय पडू नये म्हणून.

उद्या सकाळी काकू हंडा घेऊन येईल. तेव्हा फक्त एकदा 'नको' म्हण.

तुझा,
नामा